थरथर माझी, हात तिचे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. — थांबा. पहिलंच वाक्य, आणि त्यातच थाप. एकदा सांगितलंय, भर कार्यक्रमात, माइक हातात धरून. पण ते सांगितलं असं धरता येत नाही. का, ते येईलच पुढे. बायकोला मात्र खरंच सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिने एका शूर माणसाशी लग्न केलंय.

मी थापाड्या आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचं मोजून-मापून घ्याल. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत म्हण आहे की पेडणेकरांना गांडूळ दिसलं तर सांगताना त्याचा अजगर होतो, आणि अजगराच्या डोक्यावर नागमणी असतो. आरे कॉलनीतून स्कूटरने येताना एकदा मला झुडपात एक शेपटी दिसली होती. मांजराची असेल. माझ्या गोष्टीत तो बिबट्या माझ्या मागच्या सीटवर बसून गोरेगावपर्यंत आला आणि उतरताना त्याने माझ्या खांद्यावर पंजा ठेवला. लोक पोट धरून हसतात. त्यात कोणाचं काय बिघडलं? बिबट्या काही तक्रार घेऊन येत नाही.

पण माझ्या एका थापेने एका मुलीचं काम गेलं. नोकरी नव्हे — काम. हा फरक मला त्या वेळी कळत नव्हता असं म्हणायचा मोह होतोय. कळत होता.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. आज अंधेरीत काचेच्या इमारतीत दोन मजले आहेत आमचे, रिसेप्शनला ऑर्किड आहे. मी लागलो तेव्हा एमआयडीसीतला एक गाळा होता, आणि रिसेप्शन म्हणजे एक स्टूल. त्याच महिन्यात विभा सावंत लागली. माझ्यासारखीच डिप्लोमा झालेली, राहायला घाटकोपरला, वडील गिरणीतले, गाव कोकणात. उंचीने माझ्या खांद्याला लागायची आणि आवाजाने पूर्ण गाळा भरायचा. मालक तावडेसाहेब गमतीने म्हणायचे, "विभाला फोन कशाला देता? खिडकीतून बोलली तरी मुलुंडला ऐकू जातं."

साइटसाठी कंपनी सेफ्टी शूज द्यायची. सगळे पुरुषांच्या मापाचे. त्यातला सर्वांत लहान जोडही विभाला मोठा व्हायचा; ती पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची. "पेडण्या, आज पायात अग्रलेख आहे," म्हणायची. मग शाफ्टमध्ये उतरायची. शाफ्ट म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली जाते तो उभा, काळा बोगदा. आमचं निम्मं काम त्यात असतं.

आणि मला — आता हे लिहिताना हसू येतं, पण हसण्यासारखं नाही — मला त्या बोगद्याची भीती वाटायची. लिफ्टचा इंजिनिअर, आणि शाफ्टला भितो! पोहता न येणारा कोळी म्हणा. पहिली दोन वर्षं मी ते कसं लपवलं, ते मलाच माहीत. वरच्या मशीनरूमचं काम मी मागून घ्यायचो, कागदपत्रं मी करायचो, ग्राहकाशी बोलायला मी. शाफ्टमध्ये विभा. तिला ठाऊक होतं का? होतं. कधी बोलली नाही. फक्त एकदा, मी उगाचच हेल्मेटचा पट्टा तिसऱ्यांदा घट्ट करत होतो, तेव्हा गावच्या बोलीत म्हणाली, "मेल्या, भियालंस की काय?" आणि उत्तराची वाट न बघता उतरली.

तर तो दिवस. मुलुंडचं एक हॉस्पिटल, भर दुपार. पेशंट न्यायची मोठी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. आत स्ट्रेचरवर एक म्हातारी, नुकतंच ऑपरेशन झालेली, तिची लेक, आणि एक वॉर्डबॉय. आम्ही दोघंच पोचलो. वरून हाताने चाक फिरवून लिफ्ट हलवायची, हा पहिला उपाय. हॉस्पिटलचा वायरमन वर बसला, जोर लावला — चाक हलेना. म्हणजे खाली काहीतरी अडकलं होतं. ते बघायला कोणीतरी लिफ्टच्या टपावर उतरायला हवं होतं.

मी विभाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पान्हा उचलला, हेल्मेट घातलं, वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं आणि टपावर उतरली. मी दारात गुडघ्यांवर बसलो आणि टॉर्च धरला. माझं काम तेवढंच — टॉर्च स्थिर धरणं. तेही जमलं नाही. हात असे थरथरत होते की शाफ्टच्या भिंतीवर सावल्या नाचायला लागल्या. खालून विभाचा आवाज आला, नेहमीपेक्षा कितीतरी हळू, फक्त मला ऐकू येईल असा — "टॉर्च खाली ठेव रे, फरशीवर. मला दिसतंय तेवढ्यात."

मी टॉर्च फरशीवर ठेवला.

मग ती काम करत करत पायाखालच्या लोकांशी बोलत होती. "मावशी, मी इथे वरच आहे हां, तुमच्या डोक्यावर. गाव कुठलं तुमचं?" आतून बारीक आवाजात उत्तर आलं, "देवगड." "अगो बाई, म्हणजे आमच्याकडच्याच की! आंबे पाठवा मग, विसरू नका!" आणि आतून — ऑपरेशन झालेली बाई, अडकलेली लिफ्ट — हसण्याचा आवाज आला. रुळात एक पट्टी वाकून अडकली होती. विभाने ती सोडवली, वर ओरडली, "फिरवा!" आणि लिफ्ट बोटा-बोटाने सरकत मजल्याला लागली.

एवढंच. दोर तुटला नाही. ठिणगी उडाली नाही. उंदीर तर एकही नव्हता. उंदीर नंतर आले, माझ्याबरोबर.

विभा वर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, पान्हा दिला, आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आले, मागे दोन-चार माणसं. समोर कोण? मी. उंचापुरा. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात पान्हा. त्यांनी माझा खांदा धरून हलवला. "कमाल केलीत तुम्ही! आत उतरलात म्हणे!"

मी म्हणालो, "ड्यूटी आहे, सर."

बघा, किती छोटी होती. माझ्या सगळ्या थापांमध्ये सर्वांत छोटी. बिबट्यासाठी मी अर्धा-अर्धा तास खर्च केलाय.

विभा परत आली, ओढणीला हात पुसत. डॉक्टर अजून माझे आभार मानत होते. ती थांबली. वाट बघत होती — मी आता म्हणेन, अहो, मी नाही, ही. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ." ती हसली. "चल. नाव झालं ना कंपनीचं, बस." तिला वाटलं असणार, ऑफिसात तरी हा सांगेलच. न सांगण्यासारखं त्यात होतं काय?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या आधी माझी कीर्ती पोचली होती. डॉक्टरांनी तावडेसाहेबांना फोन केला होता. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या हॉस्पिटलांच्या लिफ्ट आमच्याकडे यायच्या होत्या. साहेबांनी समोसे मागवले. "पेडणेकर, सांग बाबा, काय झालं ते!" सगळे स्टुलं ओढून बसले. विभा कोपऱ्यात, समोसा खात. आणि मला कोणी "सांग" म्हटलं की काय होतं, हे तुम्हाला आता माहीत आहे.

पहिल्या वेळी मी दोघांना शाफ्टमध्ये उतरवलं. नंतरच्या वेळी विभाला अर्ध्यावरून परत पाठवलं. पुढे ती दारातच राहिली, टॉर्च धरून. उंदीर मांजराएवढे झाले. त्या हॉस्पिटलला माझ्या गोष्टीत दर वर्षी एक मजला चढायचा. महापालिकेची परवानगी लागत नव्हती. लोखंडी दोराचा एक-एक पीळ उसवत होता आणि मी दातांत पान्हा धरून लोंबकळत होतो. नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला ही गोष्ट ऐकवायची, असा रिवाजच पडला. ग्राहक आले की साहेब मला बोलवून घ्यायचे. कंपनी वाढत होती. गोष्टीमुळे वाढत होती असं म्हणणार नाही, पण गोष्ट तिच्याबरोबर वाढत होती.

विभाचं काय? ती ऐकायची. सुरुवातीला हसायची, मग उठून चहा घ्यायला जायची. तिला एवढी हरकत नव्हती असं मी स्वतःला सांगायचो — आणि तेव्हा ती होतीही, मला वाटतं, थोडी बेफिकीर. तिला शाफ्ट हवा होता. गोष्ट कोणी का सांगेना.

मग एकदा साहेबांच्या घरच्या जेवणात मी रंगात आलो. नको इतका. तावडेवहिनींचा घास हातातच राहिला. "अहो," त्या साहेबांना म्हणाल्या, "असल्या ठिकाणी तुम्ही मुलींना पाठवता?"

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. खरंच काळजीत होते. म्हणाले, "पेडणेकर, तू आत उतरून आलायस. खरं सांग. बाईमाणसाचं काम आहे का ते? उद्या काही झालं तर तिच्या आईवडिलांना काय तोंड दाखवू?"

त्या क्षणी विभा पवईच्या एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभी होती. मीच सकाळी तिला पाठवलं होतं. आणि अजून एक. सर्व्हिसचा मुख्य म्हणून कोणाला तरी नेमायचं चाललं होतं. दोनच नावं होती.

मी म्हणालो, "अवघड आहे, साहेब."

हीसुद्धा छोटी. माझ्या मोठ्या थापांनी कधीच कोणाचं वाटोळं केलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

त्या दिवसापासून नियम झाला: लेडीज स्टाफ शाफ्टवर नाही. लेखी नाही. असे नियम लिहावे लागत नाहीत. विभाला तक्रारींच्या फोनवर बसवलं. "तू बोलतेस छान," साहेब म्हणाले. पगार वाढवला, खुर्ची चांगली दिली. मग ती बसलेलीच आहे म्हणून वाढदिवसाचे केक तिनेच मागवायचे, पाहुण्यांना पाणी तिनेच विचारायचं, दसऱ्याची रांगोळी तिनेच काढायची. तिचे सेफ्टी शूज टेबलाखाली होते. पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी चढली. ती पुसायची आणि परत ठेवायची. मी रोज तिच्या टेबलावरून जायचो. सर्व्हिसचा मुख्य, केबिन पलीकडेच होती. रोज ते शूज दिसायचे.

एकदा दुपारी गाळ्यामागच्या टपरीवर तिने मला गाठलं. मोठ्याने बोलणारी विभा हळू बोलली की मला टपावरचा तो आवाज आठवायचा. ती म्हणाली, "पेडण्या, तुझी गोष्ट तुझी. उंदीर ठेव, ठिणग्या ठेव, दोर तुटू दे. फक्त साहेबांना एवढं सांग की आत मी होते. मला माझी साइट परत पाहिजे. फोनवर लोक सांगतात लिफ्ट अडकली, आणि मला कळतं कुठे अडकली असेल, आणि मी दुसऱ्याला पाठवते. वेड लागेल रे मला."

मी म्हणालो, "बघतो."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. सगळे पान्हे, मीटर, किल्ल्या टेबलावर मांडायच्या, झेंडूची फुलं. आणि मधोमध तो टॉर्च. हो, तोच. साहेबांनी जपून ठेवला होता. कंपनीचं दैवतच झालं होतं ते. हळदकुंकू बायकांनी वाहायचं, मग मी गोष्ट सांगायची, मग पेढे. त्या वर्षी पहिल्या रांगेत एक मोठा बिल्डर बसला होता. त्याच्या टॉवरचं काम आम्हाला हवं होतं. विभा मोरपंखी साडी नेसून आली होती. तिने टॉर्चला कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं. ओळखीचं बघणं. आज सांगशील ना?

मी सुरुवात केली. खरं सांगतो, सुरुवात करेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय सांगणार. मग बिल्डर पुढे सरकून बसला, डोळे मोठे करून. आणि मी — आजवर कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हणालो, "आणि वर दारात आमची विभा! टॉर्च धरून. पण हात बिचारीचे असे थरथरत होते की भिंतीवर सावल्या नाचायला लागल्या. मी खालून म्हटलं, विभा, टॉर्च खाली ठेव. फरशीवर. मला दिसतंय तेवढ्यात."

तिचे शब्द. तिने माझी लाज राखायला हळू बोललेले शब्द. मी ते माइकवरून बोललो आणि माझी थरथर काढून तिच्या हातांत दिली.

सगळे वळून तिच्याकडे बघून हसले. प्रेमाने, हां. वाईट कोणीच नव्हतं तिथे. साहेब म्हणाले, "काय गं विभा, एवढी घाबरली होतीस?"

ती माझ्याकडे बघत होती. "हो साहेब," ती म्हणाली, "फार थरथरत होते हात."

दिवाळीनंतर तिने राजीनामा दिला. टेबलावर चहाचा कप राहिला, तुळशीची छोटी कुंडी राहिली. शूज घेऊन गेली. पुढे कोणी म्हणालं घाटकोपरलाच कुठेतरी क्लास घेते, कोणी म्हणालं पुण्याला गेली. मी विचारपूस केली नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. बदलला नसेल, नंबर बदलणाऱ्यातली नव्हती ती.

आणि एक गाळलंय मी वर. मुद्दाम गाळलं, सांगत आलोय तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. त्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी त्या म्हातारीची लेक धावत आली होती. म्हणाली, "वर बोलत होत्या त्या ताई कुठायत? आईला त्यांचा हात हातात घ्यायचाय." विभा तेव्हा दहा पावलांवर, दाराआड हात धूत होती. नळाचा आवाज येत होता. मी म्हणालो, "गेल्या वाटतं खाली." ती जिन्याने खाली पळत गेली.

म्हणजे तो गैरसमज नव्हता. डॉक्टर चुकले आणि मी गप्प राहिलो, असं नव्हतं ते.

गेल्या खंडेनवमीला — तावडेसाहेब आता नाहीत, कंपनी त्यांचा मुलगा बघतो, ऑर्किड त्यानेच आणलं — मी माइक घेतला आणि खरं सांगितलं. सगळं. आत विभा सावंत होती, टॉर्च माझ्या हातात होता, थरथर माझी होती. का सांगितलं? साठी जवळ आली म्हणून? माहीत नाही. फार धैर्य लागलं असं नाही. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग मागून एक पोरगा ओरडला, "सर, नवीन व्हर्जन! झकास!" आणि टाळ्या. हशा. मी म्हणालो, अरे, हे खरंय. आणखी हशा. साहेबांच्या मुलाने येऊन मला मिठी मारली आणि माइकवर म्हणाला, "बघा, याला म्हणतात मोठं मन. स्वतःचं श्रेय एका जुन्या लेडी कलीगला देऊन टाकलं." पुढच्या महिला दिनाला, त्यांच्या गुलाबी फुग्यांच्या कार्यक्रमात त्यांनी मला प्रमुख वक्ता केलं. मी गेलो. शाल घेतली.

मी परत एकदा, सरळ त्याच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, न हसता सांगू शकलो असतो. अजूनही सांगू शकतो. केबिन वरच्याच मजल्यावर आहे.

त्या खंडेनवमीला फक्त एक जण हसली नव्हती. तन्वी म्हणून नवीन इंजिनिअर आहे. पेढ्याचा बॉक्स वाटायला तिच्याच हातात दिला होता. सगळे पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. "सर, ते खरं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग मला शाफ्टवर का पाठवत नाहीत? दोनदा विचारलंय मी. सगळे म्हणतात, पेडणेकर सरांच्या वेळेपासूनचा नियम आहे."

टेबलावर झेंडूच्या फुलांत टॉर्च होता. त्याच्यावर ओलं कुंकू होतं. तिच्या बोटालाही होतं.

मी म्हणालो, "बघतो."